बाई शोधण्याआधी चोवीस तास मांडून पाहा

डिस्चार्जची तारीख ठरली की घरात फोनाफोनी सुरू होते. वडिलांच्या अंगावरून वारं गेलेले असते, आईच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले असते, नाहीतर आजी घरच्यांनाच ओळखेनाशी झालेली असते. वॉर्डातल्या मावशींना विचारले जाते, मेडिकलवाल्याला विचारले जाते, व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप पडतो, "पेशंट बघायला कोणी मिळेल का? अर्जंट." पहिला जो हो म्हणतो, तो दुसऱ्या दिवशी दारात. दोन-तीन आठवड्यांत कुरबुर सुरू होते, महिना भरायच्या आत माणूस निघून जातो आणि तोच निरोप पुन्हा ग्रुपवर पडतो. जालना शहर असो की भोकरदनकडचे एखादे गाव, हे इतक्या घरांत इतके सारखे घडते की दर वेळी दोष येणाऱ्या माणसाचाच असेल असे वाटत नाही. काम काय आहे हे न ठरवताच आपण माणूस शोधायला निघतो. नर्सने करायचे काम धुण्याभांड्याच्या बाईला सांगतो, आणि जिथे नुसती सोबत पुरली असती तिथे नर्सचे पैसे मोजत बसतो.

म्हणून शोध सुरू करायच्या आधी वहीचे एक पान घ्या आणि पेशंटचा चोवीस तासांचा दिवस तासातासाने लिहून काढा. घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहा. पेशंटला बोलता येत असेल तर त्यालाही विचारा. त्याच्या अंगाला कोणी हात लावलेला चालेल आणि कोणी लावलेला चालणार नाही, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

समजा, अंबड तालुक्यातल्या एका गावात सत्तरीतले बाबा आहेत. डावी बाजू गेलेली, साखरेचा त्रास, दोन वेळा इन्सुलिन, लघवीला नळी. तोंडाने खाता येते, पण सावकाश. त्यांचे पान साधारण असे होईल. पहाटे साडेपाचला जाग, कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे. सातला साखर तपासून इन्सुलिन आणि लगोलग नाश्ता. आठला शौच, कमोडच्या खुर्चीवर बसवायला दोन माणसे लागतात. नऊला अंग पुसणे, पाठ आणि टाचा नीट पाहणे, कपडे बदलणे. अकराला हातापायाचा व्यायाम. दुपारी जेवण, औषधे, झोप. संध्याकाळी ओसरीत खुर्चीवर तासभर. रात्री आठला परत साखर, इन्सुलिन, जेवण. मग रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायची. शेवटी प्रत्येक ओळीपुढे, हे काम आज कोण करते त्याचे नाव लिहा. बहुतेक घरांत वरपासून खालपर्यंत एकच नाव येते, सुनेचे नाहीतर बायकोचे. घरातली पुरुष मंडळी हे पान वाचून गप्प होतात, असे मी पाहिले आहे. गप्प राहून भागत नाही, पण सुरुवात तिथून होते.

आता पुन्हा वरून खाली या आणि प्रत्येक कामाला काय लागते ते ठरवा. ताकद लागते, हाताला सवय लागते, शिक्षण लागते, की नुसते कोणीतरी जवळ असावे लागते? बाबांच्या पानावर शिक्षण लागणारी कामे मोजकीच निघतात. इन्सुलिनच्या दोन वेळा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने लघवीची नळी बदलणे. पेनने इन्सुलिन द्यायला घरातला मुलगा किंवा शिकलेली नात दवाखान्यातच शिकून घेऊ शकते. नळी बदलायला नर्सला तेवढ्यापुरते बोलावता येते. म्हणजे या घराला चोवीस तासांची नर्स नको आहे. सकाळी सात ते अकरा या वेळेत उचलण्या-बसवण्याची पद्धत माहीत असलेला, अंगात जोर असलेला माणूस हवा आहे, आणि रात्रीची झोप आळीपाळीने मोडेल अशी घरची व्यवस्था. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत स्टील कारखान्यात रातपाळीला जात असेल तर मात्र हिशोब उलटतो. दिवसा हात मिळतात आणि रात्री माणूस लागतो.

केअरटेकर म्हणून आपल्याकडे जी माणसे येतात त्यांच्यात फार फरक असतो. एक असते सोबतीची मावशी. ती पेशंटजवळ बसते, चहा देते, हात धरून मोरीपर्यंत नेते, फोन आला तर उचलते, कुठे दुखतेय ते घरच्यांना सांगते. चालत्या-फिरत्या म्हाताऱ्या माणसाला बहुधा एवढेच लागते. दुसरा अटेंडंट. दवाखान्यात यालाच आपण आया, मामा, वॉर्डबॉय म्हणतो. कोणी वर्षानुवर्षे वॉर्डात काम करून शिकलेले, कोणी जनरल ड्युटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स केलेले. अंघोळ, डायपर, बेडपॅन, कूस बदलणे, उचलणे, भरवणे हे त्यांचे काम. मग येते नर्स. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार. त्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यात गैर काही नाही. खरी नर्स तो न रागावता दाखवते. पाच-सहा महिने एखाद्या खाजगी दवाखान्यात मदतनीस होती म्हणून स्वतःला सिस्टर म्हणवणारी मुलगी कामाला चांगली असू शकते, पण तिला नर्सचे काम सांगू नका आणि नर्सचा दरही देऊ नका. याशिवाय फिजिओथेरपिस्ट. तो घरी राहत नाही, येऊन जातो. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेचे असतात, त्या काळात त्याच्या फीमध्ये काटकसर करू नये असे माझे मत आहे. त्याने शिकवलेला व्यायाम रोज करून घेणे हे अटेंडंटचे काम.

अटेंडंट आणि नर्स यांच्यातली रेघ कुठे ओढायची? ढोबळ नियम असा, की शरीराच्या आत जाणारी वस्तू नर्सच्या हातातून जावी. सुई, सलाईन, लघवीची नळी घालणे, नाकातून पोटात जाणारी नळी बसवणे, गळ्याच्या छिद्रातून कफ ओढणे, खोल जखमेचे ड्रेसिंग. बाहेरून होणारे सगळे अटेंडंट करू शकतो. मधले एक काम फसवे आहे, ते म्हणजे नाकातल्या नळीतून जेवण देणे. दिसायला सोपे असते, म्हणून कोणालाही सांगितले जाते. पण पेशंट आडवा असताना पातळ जेवण सोडले तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. डोक्याची बाजू निदान 30 अंश उचललेली हवी, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी, आणि नळी जागेवर आहे का हे दर वेळी पाहायला हवे. हे ज्याला कोणी हाताला धरून शिकवलेले नाही त्याच्याकडे ते काम देऊ नका. नळी निसटली तर ती परत आत ढकलायची नाही, हेही त्याला माहीत असले पाहिजे.

पूर्ण वेळ नर्स लागते तीही घरे आहेत. गळ्याला छिद्र असलेला पेशंट, सतत ऑक्सिजनवर असलेला, पाठीला खोल जखमा झालेला, किंवा कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात दुखण्याची कडक औषधे चालू असलेला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असतील तर वेदनेच्या औषधांचे वेळापत्रक, आणि मध्येच दुखणे उसळले तर काय द्यायचे हे, तिथल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. नर्सलाही तोंडी निरोपावर अशी औषधे द्यायला लावू नये.

आता निवड. मुलाखत दिवाणखान्यात नको, पेशंटच्या बाजेजवळ घ्या. एक सकाळ कामाला बोलवा, त्या सकाळचे पैसे द्या आणि नुसते बघा. आल्यावर हात धुतले का? पेशंटला हात लावायच्या आधी त्याच्याशी दोन शब्द बोलले का, की सरळ चादर ओढली? लकव्याच्या पेशंटला सदरा घालताना कोणती बाही आधी? जाणता अटेंडंट दुबळा हात आधी घालतो आणि काढताना शेवटी काढतो. उठवताना तो दुबळ्या हाताला धरून ओढत नाही, कारण तिथले स्नायू ढिले पडलेले असतात आणि ओढले की खांदा निखळतो. तो पाठीमागून, कमरेशी धरतो. भरवताना पेशंटला ताठ बसवतो, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देत नाही. जेवण झाल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात अन्न साठले आहे का ते पाहतो. हे एवढे ज्याने न सांगता केले, त्याच्याकडे सर्टिफिकेट नसले तरी मी त्याला घेईन. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणारा कितीही शिकलेला असो, नको.

दोन-चार प्रश्न विचारा. पाठ किंवा टाच लालसर दिसली तर काय कराल? "पावडर लावून चांगली चोळते" हे उत्तर ऐकायला छान वाटते, पण चुकीचे आहे. हाडावरची लाल जागा चोळली की आतली कातडी आणखी दुखावते. त्या कुशीवर ठेवायचे नाही, आणि दाबूनही लाली जात नसेल तर घरच्यांना लगेच सांगायचे, हे बरोबर उत्तर. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणे सुटत नाही, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. वीज गेली की तो बेड साधी गादी होतो. साखर उतरली हे कसे ओळखाल? घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्यायचे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, 108 ला फोन करायचा. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे, तुम्हाला काय येत नाही? "नळीचं काम मला जमत नाही, ते सिस्टरला बोलवा," असे जी म्हणते तिच्यावर घर सोडून जाता येते. "सगळं येतं" म्हणणारीकडे लक्ष ठेवा.

आधीच्या दोन घरांचे फोन नंबर घ्या आणि खरोखर फोन करा. आधार कार्डाची प्रत घ्या, राहायला ठेवणार असाल तर पोलीस ठाण्यात माहिती द्या. अठरा वर्षांखालची मुलगी या कामाला ठेवू नका, तिची आई कितीही गळ घालो. इंटरनेटवर नंबर शोधून माणसे पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला आणि माणूस दाखवायच्या आधीच रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा म्हणाले, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

ब्युरोकडून माणूस घेत असाल तर तिथला बहुतेक घोळ पैशाचा आणि तासांचा असतो. तुम्ही देता त्यातले बाईच्या हातात किती पडतात, हे न बिचकता विचारा, कारण ज्या बाईला निम्मेच मिळतात ती दुसरे घर मिळेपर्यंतच थांबते. बदली माणूस किती दिवसांत देणार, अनामत परत कधी, पेशंट पुन्हा अॅडमिट झाला तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, हे लिहून घ्या आणि पावती घ्या. पुढे वाद झाला तर ग्राहक आयोगापुढे कागदच बोलतो. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे. पेशंट रात्री दोनदा उठत असेल तर एका माणसावर भागते. पाच वेळा उठत असेल, तर दिवसाला एक आणि रात्रीला दुसरी असे ठेवावेच लागते, नाहीतर पंधरा दिवसांनी दमलेल्या हातातून पेशंट खाली पडतो.

कामाची यादी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पेशंटचे कपडे, पेशंटची भांडी, पेशंटचे जेवण, इथवर ठीक. सगळ्या घराचे धुणे, पाहुण्यांचा चहा, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे हे हळूहळू गळ्यात पडत जाते आणि मग पेशंटची कूस चार-चार तास बदलली जात नाही. आठवड्याची सुट्टी ठरवा. आणि एक बोलूनच टाकतो. आपल्या भागात अजूनही कित्येक घरांत बाईची जात विचारून मग कामाला ठेवतात, ठेवल्यावर कप वेगळा देतात. तुमच्या आईचे मलमूत्र काढणारा हात तुमच्या कपाला चालत नसेल, तर त्या घरात चांगली बाई टिकणार नाही आणि टिकूही नये.

पुरुष पेशंटसाठी बाई ठेवावी का, हा प्रश्न घरोघरी येतो, कारण मामा मिळत नाहीत. अंगाने जड माणूस एकट्या बाईला उचलता येत नाही, आणि पुष्कळ म्हाताऱ्यांना परक्या बाईकडून अंघोळ करून घेण्याची लाज वाटते. अशा वेळी सकाळच्या दोन-तीन तासांसाठी पुरुष अटेंडंट आणि उरलेल्या दिवसाला सोबतीची मावशी, अशी जोडी लावून पाहा. खर्च एका पूर्ण वेळ माणसाइतकाच येतो, पुष्कळदा कमीच. पेशंटची वागणूक वावगी असेल तर ते ब्युरोपासून आणि बाईपासून लपवू नका. मेंदूच्या आजारात असे होऊ शकते, ते सांभाळायची रीत असते. पण घरातल्या धडधाकट पुरुषाने त्रास दिला तर ती कायद्याची गोष्ट आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण धरलेले आहे, आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

विसरण्याच्या आजारात, म्हणजे डिमेन्शियात, निवडीचा निकष सगळाच बदलतो. तिथे ताकद आणि कोर्स मागे पडतो, संयम आणि तोच चेहरा रोज दिसणे महत्त्वाचे. ब्युरोने दर आठवड्याला नवीन बाई पाठवली तर आजी दर आठवड्याला घाबरते. बाईला आजीची बोली आली पाहिजे. आपल्या जालन्यात हे विशेष, कारण एका गल्लीत मराठवाडी मराठी, दुसरीत दखनी उर्दू, तिसरीत मारवाडी. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी विसरते आणि लहानपणची मागे उरते. संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी जायचंय" सुरू होते. तिथे "हेच तुमचं घर आहे" म्हणून वाद घालणारी बाई उपयोगाची नाही. "जाऊ की, आधी चहा घेऊ," म्हणत बोळातून एक फेरी मारून आणणारी हवी. घरच्यांचा धीर सुटला तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर मोफत बोलता येते.

गावाकडची अडचण वेगळी. जाफराबाद, मंठा, घनसावंगीच्या आतल्या गावांत शहरातला अटेंडंट यायला तयार होत नाही, आला तर शेवटच्या एसटीकडे लक्ष ठेवून काम करतो. तिथे माणूस शोधण्यापेक्षा घडवणे सोपे पडते. गावातलीच, शक्यतो शेजारपाजारची, पेशंटच्या ओळखीची एक बाई ठरवा. डिस्चार्जच्या दोन-तीन दिवस आधी तिला आणि घरातल्या एकाला वॉर्डात आणून बसवा. जालन्याचे जिल्हा रुग्णालय असो की संभाजीनगरची घाटी, गर्दी कितीही असली तरी दुपारच्या निवांत वेळेला सिस्टरला विनंती केली तर कूस कशी बदलायची, पिशवी कशी रिकामी करायची, ती कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता कशी टांगायची, हे त्या दाखवतात. नुसते बघू नका, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. फोनवर व्हिडिओ घ्यायची परवानगी मागा. एका तासाचे हे शिक्षण पुढचे कित्येक महिने पुरते, आणि डिस्चार्जचा कागद हातात पडला की ही संधी गेलेली असते.

गावातल्या आशाताईंकडून रोजच्या सेवेची अपेक्षा धरू नका. ते त्यांचे काम नाही आणि त्यांच्या डोक्यावर आधीच भरपूर आहे. पण तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेला पेशंट आहे ही नोंद त्यांच्याकडे करून ठेवा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून बीपी आणि साखर तपासून घेता येते, आणि जखम दाखवायला दर वेळी जीप करून तालुक्याला जावे लागत नाही.

मराठवाड्यात माणूस ठरवताना पंचांगही पाहावे लागते. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. किलोवर मजुरी मिळते, पहाटे जाऊन दुपारी परत येता येते, बरोबर चार बायका असतात. त्या दिवसांत आजाऱ्याच्या उशाशी एकटी बसणारी बाई शेताकडे वळली तर तिला काय बोलणार? ऊसतोडीला जाणारे कुटुंब असेल तर दिवाळीच्या आसपास ते गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. म्हणून ठरवतानाच सरळ विचारा, सुगीत काय करणार? त्या महिन्यांत पगार थोडा वाढवून द्या, नाहीतर बदलीची बाई आधीच हेरून तिला दोन-चार दिवस काम दाखवून ठेवा. बाई ठेवायच्या आधी घरही पाहून घ्या. नळाला रोज पाणी येत नसेल तर अंघोळीचे पाणी कुठून भरायचे, बाज भिंतीपासून पुढे ओढून दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो का, मोरीचा उंबरा किती उंच आहे. कमोडची खुर्ची, वॉकर, काठी यांच्यासाठी 65 वर्षांवरच्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा 3,000 रुपये मिळतात. कमोडच्या एका खुर्चीने बाईची निम्मी ओढाताण वाचते.

पैशाचे खरे बोलायचे तर घरी ठेवलेल्या माणसाचा पगार देणारी सरकारी योजना हाताशी नाही. आयुष्मान कार्ड, सत्तरीपुढच्यांचे वय वंदना कार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजना, हे सगळे दवाखान्यात भरती झाल्यावरचे. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे अनुदान पात्र असेल तर जरूर घ्यावे, तहसीलमध्ये अर्ज होतो. त्यात डायपर आणि औषधाचा थोडा भार हलका होतो. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय ही विमा योजना आहे. त्यात एक लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही धरतात. बाकी पगार घरालाच काढावा लागतो. म्हणून तर पान लिहायचे, म्हणजे चार तासांचे काम चोवीस तासांच्या दराने विकत घेतले जात नाही.

एक भाऊ पुण्याला, एक वाळूजला, बहीण परभणीला, आणि आई गावात, अशी घरे आता नवी राहिली नाहीत. पैसे देणारा एक, बघणारा दुसरा आणि सूचना देणारे सगळे. बाईला रोज तीन फोनवरून तीन हुकूम मिळाले की ती कोणाचेच ऐकत नाही. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी त्याला विचारायचे. कॅमेरा लावायचा असेल तर बाईला आणि आईला दोघींनाही सांगून लावा, आणि अंघोळ-कपडे होतात त्या जागेकडे तो नको. कॅमेऱ्यापेक्षा वही चांगली. खाल्ले किती, लघवी किती, शौच झाले का, पाठ कशी आहे, कूस कितीला बदलली, हे बाईने किंवा लिहिता न येणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून घरातल्या पोराने लिहायचे. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. भावंडांपैकी कोणीच खर्च उचलत नसेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याखाली आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याआधी 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. भांडणाच्या आधी तो फोन करावा.

दर तीन महिन्यांनी पान नव्याने लिहा. बाबा काठीने मोरीपर्यंत जाऊ लागले की सकाळचा अटेंडंट दोन तासांवर येतो, पुढे नकोच होतो. आजीचे गिळणे मंदावले की सोबतीच्या मावशीच्या जोडीला नर्सची फेरी सुरू करावी लागते. बदल करायचा असेल तर बाईला महिनाभर आधी सांगा. तिलाही दुसरे घर शोधायचे असते. पेशंट दगावला तर त्या महिन्याचा पूर्ण पगार द्या, दहाव्याच्या गडबडीत तो राहून जातो. आणि कागदावर चार ओळी लिहून, सही करून तिच्या हातात ठेवा: किती महिने काम केले, कोणत्या आजाराचा पेशंट होता, कोणकोणती कामे ती करत होती, आणि चौकशीसाठी तुमचा फोन नंबर.